कॅमेरा उघडत नाही? फोन रीसेट मारण्याआधी हे करून बघा

फोनचा कॅमेरा बंद पडला की नाशिकमध्ये दोन सल्ले हमखास मिळतात. घरातला भाचा म्हणतो, "मामा, रीसेट मारा, होईल चालू." आणि एम. जी. रोडवरच्या एखाद्या गाळ्यातला पोरगा फोन हातात न घेताच सांगतो, "कॅमेरा गेलाय, टाकावा लागेल." अधूनमधून दोघंही बरोबर ठरतात. पण रीसेटने फोन कोरा होतो. नवा कॅमेरा टाकायचा तर फोन उघडावा लागतो, आणि एकदा उघडलेला फोन पुन्हा कंपनीसारखा घट्ट बंद होईलच असं नाही. म्हणून या दोन्ही गोष्टी सगळ्यात शेवटी. त्याआधी करण्यासारखं बरंच आहे, त्याला पैसे लागत नाहीत आणि त्यातलं बहुतेक चहा होईपर्यंत उरकतं.

आपण 'कॅमेरा' म्हणतो त्याचे खरं तर चार थर असतात. सगळ्यात वर स्क्रीनवर दिसणारं अ‍ॅप. त्याखाली परवानगी, म्हणजे त्या अ‍ॅपला लेन्समधून बघू द्यायचं की नाही. त्याखाली सिस्टीममधली कॅमेऱ्याची सेवा. ती एका वेळी लेन्स कोणाच्या ताब्यात द्यायची ते ठरवते. आणि तळाला खरंखुरं मॉड्यूल: सेन्सर, लेन्स, फोकसची मोटर आणि हे सगळं बोर्डाला जोडणारी फ्लेक्सची पट्टी. डेटा क्लिअर केल्याने वरचा थर सुधारतो. रीसेटने वरचे तीन सुधारतात. मॉड्यूल मेलं असेल तर शंभर रीसेट मारले तरी ते उठत नाही. तेव्हा पहिलं काम दुरुस्तीचं नाही, बिघाड कोणत्या थरात आहे ते हुडकण्याचं.

तोवर अडचण होणार ती बहुधा फोटोंची नाही, पैसे देण्याची. क्यूआर स्कॅन होत नाही म्हणून भाजीवाल्या मावशींपुढे खोळंबून राहू नका. त्यांचा मोबाइल नंबर किंवा यूपीआय आयडी टाकून पैसे जातात. त्यांच्या क्यूआरचा फोटो कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर बहुतेक यूपीआय अ‍ॅप्स तो गॅलरीतूनही वाचतात.

## टॉर्च लावून बघा

ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी तपासणी. वरून पडदा खाली ओढा आणि टॉर्चचं बटण दाबा.

अँड्रॉइडमध्ये टॉर्चचा दिवा कॅमेऱ्याच्याच सेवेमार्फत लागतो. म्हणून कॅमेराही उघडत नाही आणि टॉर्चचं बटणही फिकं पडलंय, किंवा 'कॅमेरा वापरात आहे' असं काही येतंय, तर सेवा अडकली आहे किंवा दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपने लेन्स धरून ठेवली आहे. बऱ्याचदा हे नुसत्या रीस्टार्टने सुटतं. बॅटरी फार उतरली असेल किंवा फोन तापला असेल तरी फ्लॅश बंद होतो, तेव्हा आधी त्या दोन गोष्टी बघा आणि मगच निष्कर्ष काढा.

टॉर्च नीट लागते, तर पुढची पायरी. व्हॉट्सअ‍ॅप उघडून एखाद्या चॅटमध्ये कॅमेऱ्याचं चिन्ह दाबा. तिथे चित्र दिसतंय आणि फक्त फोनचं स्वतःचं अ‍ॅप बंद पडतंय, तर मॉड्यूल ठणठणीत आहे. बिघाड अ‍ॅपमध्ये आहे आणि तुमचा खर्च वाचला. दोन्हीकडे काळोख असेल तर पुढचा आणि मागचा कॅमेरा आलटून पालटून बघा. मागे दोन-तीन लेन्स असतील तर ०.५ एक्स, १ एक्स, २ एक्स असं बदलून बघा. पुढचा चालतो आणि मागचा काळा, किंवा ०.५ वर स्वच्छ दिसतं आणि १ वर अंधार, असं असेल तर संशय सरळ त्या एका मॉड्यूलवर जातो. सगळ्याच लेन्स एकदम बंद असतील तर उलट आशा जास्त असते, कारण तिन्ही-चारही मॉड्यूल एकाच दिवशी मरत नाहीत. पाण्यात पडलेला फोन हा याला अपवाद.

हे निरीक्षण कागदावर लिहून ठेवा. पुढे दुकानात जावं लागलंच तर हाच कागद तुमच्या बाजूने बोलतो.

## रीस्टार्ट, पण खरा

स्क्रीन बंद करून चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. आधी व्हिडिओ कॉलची आणि रील्सची सगळी अ‍ॅप्स रीसेंटमधून सरकवून टाका, मग पॉवरच्या मेनूतून रीस्टार्ट घ्या. फोनच अडकला असेल तर सॅमसंगमध्ये पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन एकत्र सात-आठ सेकंद दाबून धरा. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या आयफोनमध्ये व्हॉल्यूम अप दाबून सोडा, व्हॉल्यूम डाउन दाबून सोडा, आणि मग बाजूचं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरून ठेवा. मध्ये फोन बंद करायची पट्टी येते, तिच्याकडे लक्ष देऊ नका, बोट काढू नका.

कित्येकांचे फोन महिनोन्‌महिने बंदच झालेले नसतात. त्यांचा कॅमेरा इथेच चालू होतो.

## परवानगीचं गौडबंगाल

अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, वरच्या पडद्यात कॅमेऱ्याचं एक स्वतंत्र बटण ठेवता येतं. ते बंद केलं की सगळ्या अ‍ॅप्सना कॅमेरा बंद. फोन नातवंडांच्या हातात गेला की हे बटण हमखास दाबलं जातं. कॅमेरा उघडतो, चूं का चां करत नाही, नुसता काळा पडदा दाखवतो किंवा 'कॅमेरा अनब्लॉक करा' म्हणतो. पडद्यात बटण दिसत नसेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन 'कॅमेरा अ‍ॅक्सेस' बघा. कोणतंही अ‍ॅप कॅमेरा वापरत असलं की स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो. तुम्ही कॅमेरा उघडलेला नाही आणि ठिपका मात्र आहे, तर लेन्स कोणीतरी बळकावून बसलंय. पडदा खाली ओढून ठिपक्यावर टिचकी मारली की अ‍ॅपचं नाव कळतं.

दुसरा प्रकार जास्त चकवणारा आहे आणि तो आपल्या जिल्ह्यात फार दिसतो. अँड्रॉइड ११ पासून फोन काही महिने न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या आपणहून काढून घेतो. आता विचार करा, शेतातल्या पिकाची सरकारदरबारी नोंद करणारं ई-पीक पाहणीचं अ‍ॅप शेतकरी कधी उघडतो? खरिपात एकदा, रब्बीत एकदा. निवृत्तिवेतनधारकांचं हयातीच्या दाखल्याचं, जीवन प्रमाणचं अ‍ॅप तर वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात. मधल्या काळात फोनने परवानगी काढून घेतलेली असते. निफाडचा शेतकरी बांधावर उभा राहून फोटोचं बटण दाबतो, काही होत नाही, आणि त्याला वाटतं सरकारी अ‍ॅपच बंद आहे. त्यात आणखी एक मेख आहे: परवानगीच्या प्रश्नाला घाईघाईत दोनदा 'नको' म्हटलं की अँड्रॉइड तिसऱ्यांदा विचारतच नाही. बटण मेल्यासारखं वाटतं.

उपाय असा: अ‍ॅपचं चिन्ह दाबून धरा, 'अ‍ॅप इन्फो' उघडा, परमिशन्समध्ये जा, कॅमेऱ्याला 'अ‍ॅप वापरत असताना' ही मुभा द्या. ई-पीक पाहणीसाठी लोकेशनही लागतं, तेही द्या. त्याच पानावर खाली न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या काढून घेण्याचा पर्याय असतो. वर्षातून एकदोनदा लागणाऱ्या सरकारी अ‍ॅपपुरता तो बंद करून टाका. बाकीच्या अ‍ॅप्सना तो राहू द्या, चांगल्या कामाचा आहे.

टेलिग्रामवरून घेतलेलं जीकॅम, म्हणजे गूगलच्या कॅमेऱ्याची इतर फोनसाठी बदललेली आवृत्ती, वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. फोटो छान येतात म्हणून काही जण फोनचं मूळ कॅमेरा अ‍ॅप बंदच करून टाकतात. अँड्रॉइड ११ पासून दुसरं एखादं अ‍ॅप 'कॅमेरा उघड' म्हणतं तेव्हा फोन आपल्यासोबत आलेलंच अ‍ॅप उघडतो. ते डिसेबल असेल तर जीकॅम उत्तम चालतं, पण विम्याच्या किंवा बँकेच्या अ‍ॅपमधलं फोटोचं बटण मुकं राहतं. सेटिंग्जमध्ये सगळ्या अ‍ॅप्सच्या यादीत जाऊन मूळ कॅमेरा इनेबल करा.

आयफोनमधून कॅमेऱ्याचं चिन्हच गायब झालं असेल तर स्क्रीन टाइम उघडा. त्यात मजकूर आणि गोपनीयतेचे निर्बंध असतात, त्यात कोणती अ‍ॅप्स चालू ठेवायची याची यादी. कॅमेरा तिथे बंद केलेला सापडेल. मुलाच्या अभ्यासासाठी लावलेलं कुलूप बापालाच नडतं ते असं.

आणि अंबड-सातपूरला नोकरी करणाऱ्यांनी एवढं बघा: फोनमध्ये कंपनीचं ईमेल किंवा हजेरीचं अ‍ॅप घालताना फोनचं व्यवस्थापन कंपनीकडे दिलं असेल, तर कॅमेरा बंद ठेवायचा अधिकारही तिच्याकडे जातो. कॅमेरा उघडताना सिक्युरिटी पॉलिसी किंवा अ‍ॅडमिन असा शब्द दिसला तर दुकानात जाऊ नका, आयटीवाल्यांना विचारा.

## कॅशे आणि डेटा

परवानग्या जागेवर आहेत, रीस्टार्ट झालाय, तरी कॅमेरा उघडून लगेच मिटतोय. आता अ‍ॅपची साफसफाई. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, कॅमेरा, स्टोरेज. आधी फोर्स स्टॉप, मग क्लिअर कॅशे (म्हणजे साठलेल्या तात्पुरत्या फाइली पुसणं), आणि कॅमेरा उघडून बघा. नाही झालं तर क्लिअर डेटा.

इथे लोकांचा हात थांबतो, कारण 'डेटा' म्हणजे फोटो असं वाटतं. कॅमेरा अ‍ॅपचा डेटा म्हणजे त्याच्या सेटिंग्ज: रेझोल्यूशन, टायमर, वॉटरमार्क वगैरे. फोटो असतात फोनच्या स्टोरेजमधल्या डीसीआयएम नावाच्या फोल्डरात, त्यांना काही होत नाही. मात्र याच झपाट्यात गॅलरीचा डेटा क्लिअर करू नका. काही फोनमध्ये गॅलरीची कचरापेटी आणि लपवलेले अल्बम गॅलरीच्याच ताब्यात असतात, ते जाऊ शकतात.

मेमरी कार्ड असेल तर तेही तपासा. कार्ड खराब व्हायला लागलं की फोटो काढताक्षणी अ‍ॅप कोसळतं, कारण त्याला लिहायला जागा सापडत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये साठवण्याची जागा 'फोन' करा, किंवा कार्ड काढून बघा. कार्ड काढल्यावर सुरळीत चाललं, तर आधी कार्डावरचे फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

फोन गच्च भरलेला असला तरी हेच होतं. आयफोनमध्ये नव्या पद्धतीने साठवलेला ४के ६० फ्रेम्सचा एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण ४०० एमबी खातो, १०८० पी ३० फ्रेम्सचा साधारण ६० एमबी. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं ४के मध्ये घेणाऱ्या चुलतभावाचा फोन नेमका सप्तपदीला अडकतो यात नवल नाही. स्टोरेजची दहावा हिस्सा जागा कायम मोकळी ठेवा. पहिली कात्री व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'शुभ सकाळ'ला लावा.

## अपडेट आणि सेफ मोड

कॅमेरा कालपर्यंत चालत होता आणि रात्री फोन अपडेट झाला, अशी तक्रार असेल तर प्ले स्टोअरमध्ये कॅमेरा अ‍ॅपचं नवं अपडेट आलंय का बघा, सिस्टीमचं छोटं अपडेट बाकी आहे का बघा. काही फोनमध्ये कॅमेऱ्याच्या अ‍ॅप इन्फोत वर तीन ठिपक्यांखाली 'अनइन्स्टॉल अपडेट्स' मिळतं. त्याने अ‍ॅप कारखान्यातून आलं त्या अवस्थेला जातं आणि कधीकधी तेवढ्यावर भागतं.

त्यानंतर सेफ मोड. अँड्रॉइडमध्ये बाहेरच्या अ‍ॅपचा दोष आहे की फोनचा, हे इतक्या स्वच्छपणे दुसरं काहीच सांगत नाही. तरी कोणी वापरत नाही. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली सगळी अ‍ॅप्स तात्पुरती झोपतात, फक्त फोनची स्वतःची चालू राहतात. सॅमसंग, मोटोरोला, पिक्सेल अशा फोनमध्ये पॉवरचा मेनू आणून 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून धरलं की सेफ मोड विचारतो. इतर अनेक फोनमध्ये चालू होताना कंपनीचं नाव दिसलं की व्हॉल्यूम डाउन दाबून धरायचं. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात 'सेफ मोड' लिहिलेलं दिसतं.

आता कॅमेरा उघडा. चालला, तर चोर तुमच्याच अ‍ॅप्समध्ये आहे. साधा रीस्टार्ट घेऊन बाहेर या आणि सगळ्यात अलीकडे टाकलेल्यापासून एकेक काढत चला. पहिला संशय फोन 'साफ' करणाऱ्या क्लीनरवर, अ‍ॅप लॉकवर, चेहरा गोरा करणाऱ्या कॅमेऱ्यांवर आणि प्ले स्टोअरच्या बाहेरून आणलेल्या कोणत्याही वस्तूवर. सेफ मोडमध्येही काळोखच राहिला, तर बिघाड सिस्टीमच्या सेवेत किंवा मॉड्यूलमध्ये. आयफोनमध्ये सेफ मोड नसतो. तिथे सेटिंग्जमधला 'रीसेट ऑल सेटिंग्ज' हा मधला उपाय आहे, त्याने फोटो जात नाहीत, वायफायचे पासवर्ड मात्र पुन्हा टाकावे लागतात.

## ऊन, पाणी, फवारणी आणि खड्डे

वरचं सगळं कुठल्याही गावात लागू पडेल. आता आपल्याकडचं.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि फोन गाडीच्या डॅशबोर्डवर असतो. अ‍ॅपलने आयफोनसाठी सांगितलेलं भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश आहे. त्यापुढे फोन स्वतःला वाचवायला आधी फ्लॅश बंद करतो, मग व्हिडिओ, मग सगळंच. अँड्रॉइडचे फोनही याच वाटेने जातात. भर दुपारी पांडवलेणी चढून वर गेल्यावर कॅमेरा बंद पडला तर तो बिघाड नव्हे. कव्हर काढा, सावलीत ठेवा, पाच-दहा मिनिटं थांबा. पाण्याच्या गार बाटलीला चिकटवू नका, फ्रिजमध्ये तर नकोच. आतल्या हवेतली वाफ लेन्सवर जमते आणि नवं दुखणं सुरू होतं.

पाण्याचे आपल्याकडे दोन हंगाम. एक पावसाळा, सोमेश्वरच्या धबधब्याच्या तुषारांसकट. दुसरा रंगपंचमी. पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले हौद, शनि चौकात, दिल्ली दरवाजाला, तिवंध्याला उघडतात, आणि खिशात फोन घेऊन उडी मारणारा एक तरी महाभाग असतोच. "वॉटरप्रूफ आहे भाऊ," असं तो वर येऊन सांगतो. आयपी ६८, म्हणजे फोन धूळ-पाणी किती रोखतो याचं मानांकन, ही मोजणी प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात होते. त्यात रंग नसतो, उडीचा दाब नसतो, आणि फोनच्या कडेचा गम दोन वर्षं जुना झालेला नसतो. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर फोन हातात धरून डुबकी मारायचा बेत असणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

लेन्सच्या काचेखाली धुकं दिसलं तर फोन ताबडतोब बंद करा. चार्जिंगला लावू नका. कव्हर आणि सिमचा ट्रे काढा, फोन उभा ठेवून पंख्याच्या वाऱ्यात किमान एक दिवस राहू द्या. हेअर ड्रायर नको, गरम हवेने आतला गम सुटतो. तांदळाच्या डब्यात तर अजिबात नको. तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात, हे अ‍ॅपलनेही लिहून ठेवलंय. एका दिवसात धुकं गेलं आणि परत आलं नाही तर वाचलात. पहाटे थंडीत रोज दिसतंय, दुपारी जातंय, तर ओल आतच आहे आणि ती कनेक्टर खात बसली आहे. तेव्हा मात्र फोन लवकर उघडून घेतलेला बरा. बहुतेक फोनमध्ये सिमच्या खाचेत पाणी ओळखणारी छोटी पट्टी असते. ती लाल झाली असेल तर साध्या वॉरंटीत काम होण्याची आशा धरू नका.

द्राक्षबागायतदारांचा प्रश्न आणखी वेगळा. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात. पानावर भुरी आहे की केवडा, हे दाखवायला सल्लागाराला फोटो पाठवायचा असतो, म्हणून फोन सदऱ्याच्या खिशातच असतो. ब्लोअरचा गंधकाचा नाहीतर बोर्डोचा तुषार लेन्सच्या काचेवर बसून वाळतो. मग कॅमेरा 'बंद' नसतो, पण फोकस लागत नाही, सगळं दुधाळ दिसतं. ती काच सदऱ्याच्या टोकाने कोरडी घासू नका, वाळलेल्या कणांचे ओरखडे कायमचे बसतात. मऊ फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळा, हलक्या हाताने ओल लावा, विरघळू द्या, मग पुसा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काही नको. काही कंपन्यांच्या गेटवर कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, त्याचा उरलेला चिकटाही असाच ओल्या फडक्याने धीराने काढायचा. आणि लेन्सवर वरून चिकटवलेली काचेची गार्ड असेल तर ती आधी उचकटून बघा. रात्री फ्लॅश मारल्यावर फोटो पांढराफटक येण्यामागे फ्लॅशचा उजेड तिच्यात परावर्तित होणं, हे कारण कितीदा तरी निघतं.

आता खड्डे. बाइकच्या हँडलला फोन लावून मॅप बघत जाणारे डिलिव्हरीवाले द्वारकेच्या चौकात बघा, रांगच लागलेली असते. चांगल्या कॅमेऱ्यात हाताची थरथर शोषून घेणारी यंत्रणा असते. त्यात लेन्स किंवा सेन्सर चुंबक आणि बारीक स्प्रिंगांच्या आधाराने तरंगता ठेवलेला असतो. इंजिनाच्या सततच्या कंपनांनी ही यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्ये आयफोनसाठी दिला होता. तशीच यंत्रणा असलेल्या अँड्रॉइड फोनला तो लागू नाही असं समजायचं कारण नाही. लक्षणं ठळक असतात: कॅमेरा उघडला की चित्र थरथरतं, कानाजवळ नेलं की घुरघुर किंवा टिकटिक ऐकू येते, फोकस आत-बाहेर करत राहतो. ०.५ वर नेलं की बहुतेक फोनमध्ये थरथर थांबते, कारण त्या लेन्सला सहसा ही यंत्रणा नसते. फोन बंद असताना हलवल्यावर येणारा हलका खुळखुळाट मात्र अनेक फोनमध्ये नैसर्गिक असतो, त्याने घाबरू नका. कव्हरमध्ये लोहचुंबक किंवा गाडीतला चुंबकी होल्डर असेल तर तोही बाजूला करून बघा. मॅपसाठी हँडललाच फोन हवा असेल तर रबरी धक्काशोषक असलेला माउंट घ्या, नाहीतर आवाज ऐकत चला आणि फोन खिशात ठेवा.

तळहातावर फोन थोपटून कॅमेरा चालू करायचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. एखाद्या वेळी होतोही चालू. याचा अर्थ एवढाच की कनेक्टर किंवा यंत्रणा ढिली आहे आणि पुढच्या थपडीला ती पूर्ण सुटेल.

## रीसेट करायचाच असेल तर

मॉड्यूल मेलंय हे वरच्या तपासण्यांत स्पष्ट झालं असेल तर ही पायरी वगळा. सेफ मोडमध्येही सगळ्या लेन्स बंद, टॉर्च बंद, आणि फोन पाण्यात पडलेला नाही, अशा वेळीच रीसेटला अर्थ आहे. त्याआधी अँड्रॉइडमधला 'रीसेट अ‍ॅप प्रेफरन्सेस' करून घ्या. त्याने डिसेबल केलेली अ‍ॅप्स आणि अडवलेल्या गोष्टी मूळपदावर येतात, डेटा जात नाही.

पूर्ण रीसेटच्या आधी फोटो कॉम्प्युटरवर किंवा गूगल फोटोजवर घ्या. तिथे फुकटची १५ जीबी जागा जीमेल आणि ड्राइव्हसोबत वाटून घ्यावी लागते, तेव्हा वर चढवणं खरंच पूर्ण झालंय का ते डोळ्यांनी बघा. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या. गूगल खात्याचा पासवर्ड आठवतोय याची खात्री करा. रीसेटनंतर फोन तेच खातं मागू शकतो आणि ते नसेल तर पुढे जाऊ देत नाही. यूपीआयची अ‍ॅप्स पुन्हा नोंदवावी लागतात, त्यासाठी सिम चालू आणि त्यात एसएमएसपुरता बॅलन्स हवा.

रीसेट झाला की बॅकअप परत चढवण्याच्या आधी कॅमेरा उघडून बघा. कोऱ्या फोनवर चालला आणि बॅकअपनंतर पुन्हा बंद पडला, तर गुन्हेगार बॅकअपमधून परत आलेलं एखादं अ‍ॅप आहे. कोऱ्या फोनवरही काळोख असेल तर आता दुकान.

## दुकानात

वॉरंटी असेल तर थेट कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र. बाहेर फोन उघडलात की वॉरंटीवरून वाद सुरू होतात. वॉरंटी संपली असेल तर एम. जी. रोड आहेच, नाशिकरोड-सिडकोतही चांगले कारागीर आहेत. एकाच गाळ्यावर 'हो' म्हणू नका, दोन-तीन ठिकाणी विचारा.

फोन देण्याआधी सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड किंवा पिक्सेलमध्ये रिपेअर मोड लावा. त्याने तुमचे फोटो आणि चॅट झाकले जातात आणि कारागिराला तपासणी करता येते. ही सोय नसेल तर फोन ठेवून जाऊ नका, समोर बसून करून घ्या. पासवर्ड कागदावर लिहून देण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही.

पहिला प्रश्न विचारा: "दादा, फ्लेक्स काढून परत बसवून बघितली का?" पडलेल्या फोनमध्ये कित्येकदा कनेक्टर नुसता निसटलेला असतो आणि नवा कॅमेरा लागतच नाही. लागलाच तर माल कोणता ते नक्की करा. एक ओरिजिनल, दुसरा काढीव, म्हणजे दुसऱ्या फोनमधून काढलेला असलीच माल, आणि तिसरा कॉपी. माझं मत विचाराल तर कॉपीपेक्षा काढीव कधीही बरा. कॉपीत फोकस आणि रंग दोन्ही रडतात. आयफोन १२ आणि पुढच्या मॉडेलमध्ये कॅमेरा अस्सल असल्याची खात्री पटली नाही तर फोन तशी सूचनाच दाखवतो, तेव्हा फोन विकायचा विचार असेल तर हे आधी बोलून घ्या.

बिलावर कोणता भाग टाकला आणि किती दिवसांची हमी, हे लिहून घ्या. जुना भाग परत मागा. बिल द्यायलाच नकार मिळाला तर पुढच्या गाळ्याकडे वळा. पैसे घेऊन काम फसवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, पण त्या तक्रारीलाही बिलच लागतं.

पैसे देण्याआधी काउंटरवरच तपासा. सगळ्या लेन्स एकेक करून, जवळ धरलेल्या नोटेवर आणि मग समोरच्या दुकानाच्या पाटीवर फोकस, फ्लॅश मारून एक फोटो, आवाजासकट अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, पुढचा कॅमेरा, चेहऱ्याने उघडणारं लॉक. सॅमसंगमध्ये डायलरवर *#०*# आणि शाओमीच्या फोनमध्ये *#*#६४८४#*#* टाकलं तर कंपनीचा तपासणी मेनू उघडतो, तिथूनही कॅमेरा बघता येतो. पाठीचं झाकण चारही कडांना नीट बसलंय का, तेही बोट फिरवून बघा. आणि फोन उघडून बसवला आहे, त्यामुळे येत्या रंगपंचमीला तो घरीच ठेवा.